खुर्चीच्या आधीचे जंगल

पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या लिलावात चंडीगडच्या सचिवालयातली एखादी खुर्ची येते, तेव्हा तिच्याबरोबर तिची कुंडलीही येते. रचनाकार पिएर जानेरे, काळ पन्नाशीचे दशक, पाय उघडलेल्या कंपाससारखे तिरपे, बैठक आणि पाठ वेताने विणलेली, मागच्या बाजूला खात्याचे नाव आणि क्रमांक रंगवलेला. लाकडाच्या रकान्यात मात्र एकच शब्द: सागवान. ते कोणत्या रानातले, कोणी तोडले, कोणत्या भावाने विकले, याबद्दल कुंडली गप्प असते. संग्राहकाला त्यात काही खटकत नाही, कारण विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या फर्निचरचा इतिहास आर्किटेक्टच्या ड्रॉइंग बोर्डापासून सुरू करायचा, अशी रीतच पडून गेली आहे. तो शंभर वर्षे मागे आणि बराच दक्षिणेला, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात, आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत नेऊन पाहिला तर वेगळाच दिसू लागतो. ज्याला आज आपण आधुनिक फर्निचर म्हणून मिरवतो, ते भारतात आधी सरकारी फर्निचर होते. आणि सरकारी फर्निचर एवढ्या मुबलक संख्येने घडू शकले, ते सागाचे झाड त्याआधीच सरकारी होऊन बसले होते म्हणून.

तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि १८५४ मध्ये चांदा इंग्रजांकडे गेला. त्या वेळी या रानातले सागाचे ओंडके बाहेर पडायची वाट रस्त्याची नव्हती, पाण्याची होती. प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून खाली तेलुगू मुलखाकडे लाकूड वाहत जाई. गोदावरीतून वाफेच्या बोटी चालवून मध्य भारताचा कापूस समुद्रावर न्यायचा मोठा बेत इंग्रजांनी आखला होता; सिरोंचा हे त्या बेतातले महत्त्वाचे ठाणे. खडकाळ पात्राने तो बेत हाणून पाडला आणि १८७० च्या सुमारास तो गुंडाळला गेला. तोवर रेल्वे आली होती. रेल्वेला रुळाखाली घालायला स्लीपर हवे होते आणि सागाला वाळवी लागत नाही, ऊन-पावसात तो वेडावाकडा होत नाही, हे जहाजे बांधणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होते. मध्य प्रांतातल्या रानांवर ठेकेदार तुटून पडले. जंगल राखीव होण्याआधी हात धुऊन घ्यावेत म्हणून जे कापता येईल ते कापले गेले आणि त्यातले पुष्कळ जागीच कुजले, अशी तक्रार त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवली आहे.

या उधळपट्टीला उत्तर म्हणून वनखाते आले. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांची व्यवस्था लावणारा जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रांडिस १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारचा पहिला वन महानिरीक्षक झाला. पुढच्या वर्षी पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. राखीव जंगल, संरक्षित जंगल, निस्तार (घरगुती गरजेपुरता वनोपज घेण्याची सवलत) हे शब्द गावकऱ्यांच्या जगण्यात शिरले ते या काळात. कायद्याचा रोख अनेक गोष्टींवर होता, पण त्याचा जीव सागात होता. मोह, चार, तेंदू, ऐन, बिजा, धावडा यांच्यावर गोंड-माडिया माणसाचे पोट आणि घर चाले. सरकारी वहीत ही झाडे ‘मिश्र’ या एकाच सदरात गेली. साग तेवढा नावानिशी मोजला जाऊ लागला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो राखीव रानातले गवत कापून. साध्या गवताच्या भाऱ्यासाठी तुरुंगात जायची वेळ येत असेल, तर सागाच्या खांबाची काय कथा!

ही व्यवस्था कशी चाले, आणि बऱ्याच अंशी आजही कशी चालते, हे थोडे जवळून पाहायला हवे. जंगलाचे कूप पाडले जातात आणि प्रत्येक कुपाची पाळी ठरलेली असते. तोडायच्या झाडाची साल एका जागी तासून त्यावर खात्याच्या हातोड्याने शिक्का मारतात, तसाच बुंध्याशीही, म्हणजे झाड पडल्यावर खुंट साक्षीला राहतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर क्रमांक पडतो, लांबी आणि गोलाई वहीत चढते. वाहतूक परवाना असल्याशिवाय तो रानाबाहेर पडत नाही. चांद्यातल्या आलापल्लीच्या रानातून ओंडके ओढून काढायला सरकारी हत्ती होते. कमलापूरला असलेला राज्यातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प हा त्याच कामाचा वारसा. मग डेपो. तिथे लांबी, गोलाई आणि प्रत पाहून थप्प्या लागतात, लॉट पडतात, व्यापारी ओंडक्याभोवती फिरून गाभ्याला पोकळी आहे का ते निरखतात आणि लिलावात बोली लागते. १९२९ मध्ये काझीपेट ते बल्लारशा (म्हणजे बल्लारपूर) हा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली आणि मद्रास सरळ जोडले गेले, तेव्हा बल्लारशा हे उत्तर-दक्षिण हमरस्त्यावरचे ठिकाण झाले आणि तिथल्या लाकडाला सगळ्या देशाची बाजारपेठ खुली झाली. झाडापासून डेपोपर्यंत प्रत्येक ओंडक्याची नोंद असते, ही यातली लक्षात ठेवायची गोष्ट. सॉ मिलमध्ये त्याची फळी झाली की शिक्क्याचे तोंड कापून निघते आणि नोंदीचा धागा तिथे तुटतो. खुर्चीच्या कुंडलीत जंगल नसते ते या कारणाने. माहिती कधीच नव्हती म्हणून नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाने या रानाचे मोल वाढवले. तोवर मुंबई-पुण्याच्या श्रीमंत घरात ‘बर्मा टीक’ हीच प्रतिष्ठेची खूण होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ती वाट बंद पडली. युद्ध संपल्यावर ब्रह्मदेश यादवीत सापडला. देशी सागावर, व्यापारी ज्याला ‘सीपी टीक’ म्हणत त्या मध्य प्रांतातल्या सागावरही, भार वाढला तो असा. नेमक्या याच वर्षांत दूर डेन्मार्कमध्ये सागवान ही आधुनिक अभिरुचीची ओळख होत होती. फिन यूलची ‘चीफटन’ खुर्ची आणि हान्स वेग्नरची गोल खुर्ची या दोन्ही १९४९ च्या. वेग्नरच्या खुर्चीवर बसून १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांनी टीव्हीवर वादविवाद केला आणि ती जगभर गाजली. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. तो येई थायलंड आणि ब्रह्मदेशातून, आणि १८९७ मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनीकडे सयामच्या उत्तरेतल्या सागवनांचे ठेके होते. ‘स्कँडिनेव्हियन साधेपणा’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याच्या मुळाशी आशियाई रानांची ही ठेकेदारी होती. थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली. जुन्या डॅनिश टेबलाचे भाव चढायला ही टंचाईही कारण आहे, रचनाकाराचे नाव एकटे नव्हे.

भारतात हा आधुनिकपणा सरकारच्या दारातून आला. फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबला राजधानी हवी होती. ती उभारायला वास्तुकार ल कॉर्ब्युझिए १९५१ मध्ये आला, आणि त्याचा चुलतभाऊ जानेरे १९६५ पर्यंत चंडीगडलाच राहिला. उच्च न्यायालय, सचिवालय, विधानसभा, विद्यापीठ अशा इमारतींना हजारोंनी खुर्च्या, टेबले, कपाटे लागणार होती. जानेरे आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी, ज्यांत युली चौधरी यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल, ती सागवान आणि शिसम यांत बेतली. काम स्थानिक कारखान्यांतल्या सुतारांनी केले, रंधा, पटाशी आणि कुसाचे सांधे यांच्या बळावर. मराठी मुलखात असाच वारा आचऱ्याचे वास्तुकार अच्युत कानविंदे यांच्यामार्फत आला. जे. जे. मधून बाहेर पडून ते हार्वर्डला वाल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर देशभर प्रयोगशाळा, विद्यापीठे उभारत गेले. राहुरीचे कृषी विद्यापीठ त्यांपैकी एक. या सगळ्या इमारतींत एक अदलाबदल झाली, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वाड्यात साग घर तोलून धरत होता: खांब, तुळया, कडीपाट, सगळे त्याच्या खांद्यावर. आरसीसी आले आणि हे ओझे सिमेंट-लोखंडाने उचलले. साग भिंतीतून सुटला आणि दार, खिडकी, टेबल, खुर्ची एवढ्यापुरता उरला. रचनेतून बाहेर पडला म्हणून तो डोळ्यांत भरू लागला. योगायोग असा की १९७० नंतर घुग्घूस, गडचांदूर, आवारपूर इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि आधुनिक इमारतीचा सांगाडा व तिच्यातले सामान, दोन्हींचा कच्चा माल एकाच जिल्ह्यातून निघू लागला.

इथे कुणी म्हणेल की चंडीगडच्या खुर्चीतले लाकूड आलापल्लीचेच, याला आधार काय? तसा दावा इथे केलेलाच नाही, आणि युक्तिवादाला त्याची गरजही नाही. मुद्दा एका ओंडक्याचा नसून व्यवस्थेचा आहे. शासनाने एका खुर्चीची रचना मंजूर करायची, तिच्या हजारो प्रती मागवायच्या आणि सुतारांनी जाड, एकसंध, निर्दोष सागवान वापरून त्या स्वस्तात पुरवायच्या, हे घडायला शंभर वर्षे राखलेला, मोजलेला, लिलावात एकसारख्या प्रतीने उतरणारा साग हाताशी असावा लागतो. असा साग देणाऱ्या पट्ट्यांत चांदा अग्रभागी होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लाकूड कितीही चांगले असो, मोल रचनेचे असते, नाहीतर बल्लारशाच्या डेपोतला प्रत्येक ओंडका कलाकृती ठरेल. हे खरे आहे. जानेरेच्या खुर्चीत बुद्धी आहे. तिरपा पाय आणि हात एकाच चौकटीत बांधून त्याने सांधे कमी केले, आणि वेताच्या विणीमुळे उकाड्यात पाठीला वारा लागतो. पण ही रचना साग समोर ठेवूनच सुचलेली आहे. एवढा जाड पाय वाकणाऱ्या, चिरणाऱ्या लाकडात केला असता तर दोन पावसाळ्यांत सांधे बोलू लागले असते. सत्तर वर्षांनी गच्चीवरच्या ढिगातून काढलेली खुर्ची पुसून लिलावात ठेवता येते, याचे श्रेय रचनाकाराबरोबर झाडालाही द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर सागावरची सरकारी पकड सैल व्हायला हवी होती, झाले उलटे. १९५१ मध्ये जमीनदारी गेली आणि अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांची रानेही सरकारजमा झाली. आदिवासीच्या स्वतःच्या शेतातला सागदेखील व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने उचलायला सुरुवात केली. इतकी, की १९६९ मध्ये अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. १९७४ मध्ये वन विकास महामंडळ आले. ‘कमी किमतीचे’ मिश्र जंगल काढून तिथे सागाची लागवड करायची, हे त्याचे मुख्य काम. ज्या रानात मोहाची फुले वेचायची आणि चारोळी फोडायची, तिथे एका ओळीत साग उभा राहिला; त्याखाली माणसाला खायला काही नाही, गुराला फारसे नाही. सिंहभूमच्या आदिवासींनी याच दशकात ‘साल म्हणजे झारखंड, साग म्हणजे बिहार’ अशी घोषणा दिली होती. गडचिरोलीत तशी घोषणा गाजली नसेल, पण तक्रार तीच होती.

आणि मग मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाने ऐंशीच्या दशकात आपला घोटूल नव्याने बांधायचे ठरवले. घोटूल म्हणजे गावातल्या तरुणांनी एकत्र येण्याची, शिकण्याची, नाचण्या-गाण्याची जागा; आधुनिक वास्तुशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर गावाची सर्वात महत्त्वाची सार्वजनिक इमारत. गावाने ती आपल्या रानातल्या सागाने उभी केली. वनखात्याच्या लेखी हे चोरीचे लाकूड होते. पोलिसांचा फौजफाटा आला, घोटूल पाडला गेला आणि लाकूड जप्त करून नेले. आसपासच्या गावांची सभा भरली आणि मेंढ्याबरोबर इतर गावांनीही आपापले घोटूल उभे केले. त्यानंतर खात्याने हात आवरला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे देशभर गेली, तिला या प्रसंगाचीही पार्श्वभूमी आहे. चंडीगडची विधानसभा आणि मेंढ्याचा घोटूल या दोन्ही एकाच अर्थाने सार्वजनिक वास्तू आहेत. एकीच्या सामानाला सागवान देणे हे शासनाचे काम ठरले, दुसरीच्या खांबांना सागवान घेणे हा गुन्हा.

या वर्णनावर वनखात्याचा माणूस चिडेल आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे आहेही. राखीव जंगल झाले नसते तर रेल्वेच्या ठेकेदारांनी १८८० पर्यंत हे रान संपवले असते. आज गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे, त्यात खात्याचा वाटा नाकारता येत नाही. आलापल्लीजवळचा सहा हेक्टरचा तुकडा १९५३ मध्ये मुद्दाम न तोडता राखला गेला. ‘वनवैभव’ म्हणून तो ओळखला जातो, आणि २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातले पहिले जैविक वारसास्थळ ठरला. जुना साग किती सरळ आणि उंच वाढू शकतो हे पाहायचे तर तिथेच जावे लागते. पण त्या सहा हेक्टरांत साग एकटा नाही, तो शेकडो जातींच्या सोबतीने उभा आहे, आणि एकजात लागवडीवरची यापेक्षा चोख टीका मला तरी ठाऊक नाही. शिवाय जंगल राहिले आहे ते खात्यामुळे, की तिथे राहणाऱ्यांनी ते ओरबाडले नाही म्हणून, हा प्रश्न उरतोच. ठेकेदारापासून राखलेले रान गावापासूनही राखले पाहिजे, हा निष्कर्ष आपोआप निघत नाही. १८७८ च्या कायद्याने तो काढला आणि पुढच्या बहुतेक सरकारांनी तो न तपासता पुढे चालवला.

दरम्यान फर्निचरचे दिवस फिरले. गोदरेजची पोलादी कपाटे कचेऱ्यांत होतीच. पुढे प्लायवूड, सनमायका आणि नव्वदीत साच्यातली प्लास्टिकची खुर्ची आली. सागाच्या जुन्या खुर्च्या निर्लेखित झाल्या. चंडीगडमध्ये ढीग लागले आणि भंगाराच्या भावाने लिलाव झाले. ते उचलणाऱ्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्यांची डागडुजी करून युरोप-अमेरिकेत त्या प्रचंड किमतीला विकल्या. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि निर्यातीला आळा घातला, तेव्हा चांगला माल बराचसा निघून गेला होता. आता बंगळूर-मुंबईचे कारखाने त्याच खुर्च्यांच्या नव्या आवृत्त्या काढतात आणि शहरी घरांत त्यांना मागणी आहे. विदर्भातल्या कचेऱ्या, शाळा, विश्रामगृहे यांच्या गोदामांतही त्या काळचे सागवानी सामान पडून असते: लांब हातांच्या आरामखुर्च्या, कारागृहाच्या सुतारशाळेत घडलेली टेबले. त्यांना रचनाकाराचे नाव नाही, म्हणून बाजारात भाव नाही. पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांना तेवढा ‘जुना साग’ म्हणून गिऱ्हाईक मिळते, पण फळ्या पाडण्यापुरते. संग्रहाची आवड असणाऱ्याने इथे थोडा वेगळा विचार करायला हरकत नाही. नावाची खुर्ची घेणे हा एक संग्रह झाला. एखाद्या तालुक्याच्या कचेरीतले सामान सांधा, प्रत आणि क्रमांकासह नोंदवून जागच्या जागी टिकवणे हा दुसरा, आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

सागाचे नाव अलीकडे पुन्हा गाजले. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आलापल्लीच्या रानातले सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यातले सागवान ‘नागपूरचे’ असल्याचे सांगण्यात आले. ‘नागपूरचा साग’ ही बाजारातली ओळख आहे. रानाचे नाव पुन्हा एकदा वगळले गेले. रानावरचा हक्क मात्र त्याआधीच थोडासा गावाकडे सरकला होता. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळवणारे देशातले पहिले गाव ठरले. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले, आणि ज्या बांबूवर बल्लारपूरच्या कागद कारखान्याने दशकानुदशके काम केले, तो गाव स्वतः लिलाव करून विकू लागले. पण त्या कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या बांबू, वेत, तेंदू, मध, लाख यांपाशी थांबते. इमारती लाकूड तिच्यात नाही. म्हणजे खुर्चीची विणलेली बैठक ज्याची होते तो वेत ग्रामसभेचा, आणि तिचा पाय ज्याचा होतो तो साग अजूनही वनखात्याच्या डेपोतला.